आधी गिऱ्हाईक, मग विहीर



तेलाची विहीर लागली की लोक पेढे वाटतात. नैसर्गिक वायूची विहीर लागली की धंद्यातला माणूस पहिल्यांदा विचारतो, "घेणार कोण?" तेलाला आज गिऱ्हाईक नसेल तर ते महिनाभर टाकीत पडून राहील, त्याचे काही बिघडत नाही. जहाजात भरून ते जगात कुठेही नेता येते. वायूची जातच वेगळी. त्याला एक तर नळ हवा, नाही तर उणे १६२ अंशांपर्यंत गारठवून त्याचा द्रव करावा लागतो. हे दोन्ही नसेल तर तो जमिनीखाली राहू द्यायचा किंवा जाळून टाकायचा. आपण बरीच वर्षे जाळला, आणि तोही मुंबईच्या समोर.

फेब्रुवारी १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या जपानमध्ये बांधलेल्या रिगला मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर समुद्राच्या तळाखाली तेल लागले. तेच बॉम्बे हाय. मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. किनाऱ्यापर्यंत नळ नव्हता तेव्हा तेल भर समुद्रातच टँकरमध्ये भरले जात असे. वायू कशात भरणार? तेलात विरघळलेला वायू, गोटी सोड्याची बाटली फोडल्यावर यावा तसा, दाब सुटला की तेलाबरोबर वर येतो. तो नको म्हणून चालत नाही. तेल हवे असेल तर वायू घ्यावाच लागतो. मग प्लॅटफॉर्मपासून दूर काढलेल्या लांब दांड्याच्या टोकाला तो रात्रंदिवस पेटता ठेवायचा. याला फ्लेअर म्हणतात.

१९७८ मध्ये उरणपर्यंत नळ आले, एक तेलाचा आणि एक वायूचा. उरणला वायूवर चालणारे वीजकेंद्र उभे राहिले, तुर्भ्याच्या खतकारखान्याला वायू मिळाला, पुढे अलिबागजवळ थळला मोठा खतप्रकल्प आला. तरीही जाळणे थांबले नाही. १९९०-९१ या हिशेबी वर्षात देशात सुमारे १८ अब्ज घनमीटर नैसर्गिक वायू निघाला आणि त्यातला ५ अब्ज घनमीटरच्या वर जाळला गेला. म्हणजे चौथ्या हिश्शाहून अधिक. हे वर्ष संपते न संपते तोच परकीय चलनासाठी देशाचे सोने विमानात घालून परदेशी पाठवायची वेळ आली, हे आठवले की या आकड्याकडे थोडे जास्त वेळ बघावेसे वाटते. कुणी निष्काळजी होते एवढेच त्याचे कारण नव्हते. तेलाची निकड होती, त्यामुळे तेल काढणे थांबवता येत नव्हते. वायू दाबून किनाऱ्याला पाठवणारे कॉम्प्रेसर अपुरे होते. आणि किनाऱ्यावर ज्यांनी तो घ्यायचा त्यांचे कारखाने अजून बांधून व्हायचे होते.

बॉम्बे हायच्या शेजारी, वसईच्या समोरच्या समुद्रात १९७६ मध्ये आणखी एक क्षेत्र सापडले. तेलवाले त्याला बसीन म्हणतात. इथला वायू तेलाच्या पाठीवर बसून येत नाही, स्वतंत्रपणे खडकात साठलेला आहे. गिऱ्हाईक नसेल तर विहीर बंद ठेवता येते, ही त्याची मोठी सोय. खोट एकच, त्यात हायड्रोजन सल्फाइड आहे, सडक्या अंड्याच्या वासाचा, विषारी, नळ कुरतडणारा. म्हणून हा वायू समुद्रातून थेट सुरतेजवळ हजिऱ्याला नेतात, तिथे धुऊन काढतात आणि मग पुढे पाठवतात. पुढे म्हणजे फार पुढे. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या 'गेल' या सरकारी कंपनीने हजिरा, मध्य प्रदेशातले विजयपूर आणि उत्तर प्रदेशातले जगदीशपूर यांना जोडणारी नळवाहिनी टाकली. १९८८ च्या सुमारास तिच्यावर विजयपूर, आँवला, जगदीशपूर असे एकेक खतकारखाने सुरू झाले. वसईच्या नावाचा वायू गंगेच्या खोऱ्यात गेला. यावर आपल्याकडे तेव्हा नाराजीही होती. पण एवढा वायू एकदम घेऊ शकेल असे गिऱ्हाईक शोधायचे तर ते खतकारखान्यांच्या रूपानेच मिळणार होते, आणि युरियाची भूक उत्तरेत मोठी होती.

इथे जरा थांबू या. नैसर्गिक वायू म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर शेगडी येते. घरातल्या लाल सिलिंडरमध्ये तर तो नसतोच. तिथे प्रोपेन आणि ब्युटेन असतात, हवेहून जड. नळाने येतो तो मिथेन, हवेहून हलका. पण भारतात या मिथेनचा सर्वांत मोठा हिस्सा शेगडीत जळत नाही. तो खतकारखान्यांत जातो आणि तिथे बराचसा कच्चा माल म्हणून वापरला जातो. मिथेनमधला हायड्रोजन काढायचा, हवेतल्या नायट्रोजनशी त्याची गाठ घालून अमोनिया करायचा, अमोनियापासून युरिया. विदर्भातल्या ज्या शेतकऱ्याच्या गावात वायूचा नळ येण्याची शक्यता नाही, त्याच्या कपाशीला किंवा गव्हाला हाच वायू पांढऱ्या दाण्यांच्या रूपात मिळतो. ४५ किलोची गोणी त्याला साधारण २६६ रुपयांना पडते. वायूची किंमत जगात दुप्पट झाली तरी गोणीची किंमत हलत नाही, फरक सरकारी तिजोरी सोसते. वायूचे राजकारण करणाऱ्यांनी हा एक धागा कायम हातात धरलेला असतो.

निघालेला सगळा वायू किनाऱ्याला येतो असेही नाही. जुन्या विहिरींतले तेल आपसूक वर येईनासे झाले की त्यांच्यात वायू वरून सोडून तेल हलके करून उचलतात. २७ जुलै २००५ रोजी, मुंबई आदल्या दिवशीच्या पावसात अजून बुडालेली असताना, बॉम्बे हायवर 'समुद्र सुरक्षा' हे जहाज एका जखमी माणसाला उतरवण्यासाठी प्लॅटफॉर्मशी आले आणि त्याची धडक अशाच वायूच्या उभ्या नळाला बसली. बघता बघता अख्खा प्लॅटफॉर्म जळून गेला. २२ माणसे गेली. साडेतीनशेहून अधिक लोकांना त्या खवळलेल्या समुद्रातून वाचवले, ही नौदल आणि तटरक्षक दलाची कामगिरी त्या आठवड्यातल्या शहराच्या दुःखात झाकून गेली.

आता साठ्यांबद्दल. वर्तमानपत्रात 'अमुक इतका वायू सापडला' असे छापून येते तेव्हा तो आकडा तराजूत घालून मोजलेला नसतो. खडकात किती वायू असावा, त्यातला किती वर येईल, किती खर्चात येईल आणि त्या खर्चाला घेणारा भेटेल का, अशा चार अंदाजांचा तो गुणाकार असतो. चारांतला एक जरी चुकला तरी साठा रोडावतो, जमिनीखाली काहीही न घडता.

याचे आपल्या देशातले उदाहरण कृष्णा-गोदावरी खोऱ्यातले. आंध्रच्या किनाऱ्यासमोर खोल समुद्रात रिलायन्सला २००२ मध्ये वायू सापडला. काढता येण्याजोगा साठा सुमारे १० लाख कोटी घनफूट धरला गेला. एप्रिल २००९ मध्ये वायू वाहू लागला, वर्षभरात दिवसाला ६० दशलक्ष घनमीटरच्या वर पोचला, आणि २०१०-११ मध्ये देशाचे वार्षिक उत्पादन ५२ अब्ज घनमीटरच्या आसपास गेले. अंबानी बंधूंचा या वायूच्या वाटपावरचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. त्याचा निकाल लागतो आहे तोच वायू उतरणीला लागला. विहिरींत पाणी आणि वाळू शिरली. कंपनी म्हणाली खडकाने दगा दिला, सरकार म्हणाले ठरल्या तेवढ्या विहिरी खोदल्या नाहीत. साठ्याचा आकडा पुढे सुमारे ३ लाख कोटी घनफुटांवर आणला गेला. ती पहिली क्षेत्रे २०२० मध्ये बंदच पडली. त्याच टापूत नव्या क्षेत्रांतून आता पुन्हा वायू निघतो आहे, पण ती वेगळी गोष्ट.

आंध्रच्या समुद्रातल्या त्या वाळूचा फटका कुठे बसला? आपल्या गुहागर तालुक्यात. दाभोळचा वीजप्रकल्प एन्रॉन या अमेरिकन कंपनीने आखाती देशांतून द्रवरूप वायू आणायच्या हिशेबाने मांडला होता. वायू येईपर्यंत म्हणून १९९९ मध्ये तो नाफ्त्यावर सुरू झाला आणि २००१ मध्ये विजेच्या दराच्या भांडणात बंद पडला. नव्या सरकारी मालकांनी तो पुन्हा उभा केला तेव्हा त्याला कृष्णा-गोदावरीचा वायू ठरवून दिला. तो आटला तसे दाभोळही थंडावले. जवळजवळ दोन हजार मेगावॉटचे केंद्र, आणि २०१५ च्या अखेरीपासून रेल्वेला पाचशेएक मेगावॉट वीज देण्याच्या आधारावर त्याने श्वास घेतला. शेजारचा द्रवरूप वायूचा धक्का जानेवारी २०१३ मध्ये सुरू झाला, पण लाटा अडवणारा बांध अर्धवट होता, त्यामुळे पावसाळ्यात जहाज लावता येईना. कोकणात पावसाळा असतो ही माहिती तशी जुनीच आहे.

दाभोळ एकटे नाही. २०२४ मध्ये देशात वायूवर चालणारी सुमारे २५ हजार मेगावॉटची केंद्रे होती आणि त्यांतली बरीचशी वर्षातला बहुतेक काळ थंड असत. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात वातानुकूलन यंत्रांनी विजेची मागणी वाढवली तेव्हा सरकारला खास आदेश काढून ती चालवायला लावावी लागली.

साठा आणि सुबत्ता यांचा संबंध किती लवचीक आहे हे पाहायचे तर इराणच्या आखातात जावे. समुद्राखाली एकच प्रचंड वायुक्षेत्र आहे, आणि त्यातून दोन देशांची सागरी सीमा जाते. एका बाजूला कतार, दुसऱ्या बाजूला इराण. कतारने १९९६-९७ पासून वायू गारठवून जहाजांत भरायला सुरुवात केली आणि तो जगातल्या मोठ्या विक्रेत्यांपैकी एक झाला. आपल्या गुजरातेतल्या दहेजच्या धक्क्यावर जानेवारी २००४ मध्ये आलेले पहिले जहाज कतारचेच होते. इराणकडे रशियाखालोखाल जगातला सर्वांत मोठा साठा. पण निर्बंधांमुळे भांडवल आणि तंत्र मिळत नाही, आणि घरोघरी वायू इतका स्वस्त दिला आहे की काढलेला बहुतेक तिथेच संपतो. डिसेंबर २०२४ च्या थंडीत इराणमध्ये वायू आणि वीज पुरेना म्हणून शाळा आणि कचेऱ्या बंद ठेवाव्या लागल्या. अमेरिकेचे याच्या उलट. जगाच्या साठ्यातला दहावा हिस्साही तिच्याकडे नाही, पण जगाच्या उत्पादनाचा सुमारे चौथा हिस्सा ती काढते, कारण कठीण खडक फोडून वायू काढण्याची विद्या, नळांचे जाळे आणि रोखीने घेणारे गिऱ्हाईक तिच्या दाराशी आहे.

गिऱ्हाईकसुद्धा कायमचे बांधलेले नसते. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला, युरोप मिळेल त्या भावाने वायूची जहाजे घेऊ लागला. भारताची आयात त्या वर्षी घटली. गुजरातेत मोरबीच्या फरशीवाल्यांनी भट्ट्या प्रोपेनवर वळवल्या. वायू स्वच्छ आहे, सोयीचा आहे हे खरे, पण भट्टीवाला शेवटी भाव बघतो. देशाच्या एकूण ऊर्जेत वायूचा वाटा २०३० पर्यंत १५ टक्के करायचा असे सरकारने ठरवले आहे. आज तो सहा-सात टक्क्यांच्या घरात घोटाळतो, त्याचे मोठे कारण हेच.

जिथे गिऱ्हाईक पक्के झाले आहे ते शहर. महानगर गॅस ही कंपनी १९९५ मध्ये स्थापन झाली. आज मुंबईत टॅक्सी, रिक्षा आणि बेस्टच्या बऱ्याच बस सीएनजीवर धावतात, आणि इमारतीच्या भिंतीवरून चढत जाणारा तो नळ अनेक घरांत पोचला आहे. एका कुटुंबाला महिन्याला दहा-पंधरा घनमीटर पुरतात, ते गाड्यांच्या मानाने काहीच नाही. खरी भूक रस्त्यावर आहे. २०१४ पासून सरकारने देशातला स्वस्त वायू घरांना आणि सीएनजीला आधी द्यायचे धोरण ठेवले. तो वायू येतो कुठून? मुख्यतः बॉम्बे हाय आणि बसीनसारख्या जुन्या क्षेत्रांतून, आणि ती म्हातारी होत चालली आहेत. बसीनमधला वायू पूर्वी स्वतःच्या जोरावर किनाऱ्याला येत असे, आता त्याला कॉम्प्रेसरने ढकलावे लागते. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये शहरांचा हा स्वस्त कोटा दोनदा कापला गेला. त्याच नोव्हेंबरात मुंबईत सीएनजी किलोमागे दोन रुपयांनी महागला. रिक्षावाल्याने त्याचे कारण पंपावरच्या पोऱ्याला विचारले असेल, आणि पोऱ्याने वर बोट दाखवले असेल. बोट खरे तर समुद्राकडे दाखवायला हवे होते.

देशात वर्षाला सत्तर अब्ज घनमीटरच्या आसपास वायू खपतो आणि त्यातला जवळजवळ निम्मा जहाजाने येतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये कतारशी नवा करार झाला, २०२८ पासून २०४८ पर्यंत, वर्षाला ७५ लाख टन द्रवरूप वायूचा. आणि २०२५ च्या आरंभी ओएनजीसी या सरकारी तेलकंपनीने बॉम्बे हायमधले घटते उत्पादन सावरण्यासाठी ब्रिटिश कंपनी बीपीला तांत्रिक साथीला घेतले, तेही दहा वर्षांसाठी. दोन्ही कामे एकाच वेळी चालू आहेत, आणि दुसरे कितपत साधते त्यावर पहिल्यासारखे आणखी किती करार करावे लागतील हे ठरेल.