खारदांड्याच्या खटल्याचे दप्तर

खारदांड्यासारख्या जुन्या कोळीवाड्यात माणसाची कीर्ती आणि अपकीर्ती दोन्ही कागदावाचून टिकतात. अशी कल्पना करावी की, तेथील एका घराच्या पणजोबांवर स्वातंत्र्यापूर्वी केव्हातरी, समुद्रात जाळी लावण्याच्या जागेवरून झालेल्या मारामारीत एक इसम दगावल्याबद्दल, खटला झाला होता. खटला झाला एवढे साऱ्या आळीला ठाऊक आहे. परंतु पणजोबांना शिक्षा झाली की ते निर्दोष सुटले, हे सांगणाऱ्यागणिक बदलते. आज त्या घरच्या मुलीचे लग्न ठरत आहे आणि तो जुना शब्द पुन्हा कोणाच्या तरी ओठांवर आला आहे. अशा वेळी घरातील शिकल्यासवरल्या मुलास साहजिकच वाटते की, सरकारी न्यायालयात उघड्यावर चाललेल्या खटल्याचा कागद कोठेतरी असलाच पाहिजे.

त्याचे वाटणे रास्त आहे. तथापि कागद असणे आणि तो सापडणे यांत बरेच अंतर असते. पहिली अडचण ही की, न्यायालयाचे दप्तर गावाच्या नावाने लावलेले नसते. ते न्यायालय, वर्ष आणि खटल्याचा क्रमांक या तीन गोष्टींनी लावलेले असते. म्हणून शोधाचा आरंभ आरोपीच्या नावापासून न करता त्या वर्षी गाव कोणत्या हद्दीत होते येथून करावा लागतो. आणि खारदांडा जागचा हलला नसला तरी त्याच्या भोवतालच्या हद्दी अनेकदा हलल्या आहेत. हे गाव साष्टीत, म्हणजे ठाणे जिल्ह्यात, मोडत असे. १९२० साली मुंबई उपनगर जिल्हा निराळा करण्यात आला. १९४५ च्या कायद्याने बृहन्मुंबईची कल्पना आकारास आली, आणि १९४८ साली मुंबईस शहर दिवाणी व सत्र न्यायालय मिळाले. त्यापूर्वी मुंबई शहरातील गंभीर फौजदारी खटले थेट उच्च न्यायालयातच चालत. १९०८ सालचा लोकमान्य टिळकांवरील राजद्रोहाचा खटला तेथे चालला तो यामुळेच. पुढे १९९० साली उपनगर जिल्हा पुन्हा वेगळा झाला खरा. परंतु सत्र न्यायालय दोन्ही जिल्ह्यांस एकच राहिले. सारांश, १९२० पूर्वीच्या खटल्यासाठी ठाणे गाठावे, १९२० ते १९४८ या काळासाठी ठाणे व मुंबई या दोन्हीकडे चौकशी करावी, आणि त्यानंतरच्यासाठी मुंबईच्या सत्र न्यायालयाकडे वळावे.

परदेशी कादंबऱ्या वाचणाऱ्यांस येथे एक शंका येईल. इंग्रजी कायद्यात गुन्ह्यांचे 'फेलनी' आणि 'मिसडिमीनर' असे दोन वर्ग असत. इंग्लंडने हा भेद १९६७ साली मोडला, पण अमेरिकेत तो अद्याप चालतो. तेथील लहानशा ग्रामीण काउंटीतसुद्धा न्यायालयाच्या कारकुनाच्या खिडकीशी जाऊन अशा खटल्याचे दप्तर पाहावयास मागता येते. आपल्या १८६० च्या दंडसंहितेने हे वर्ग घेतले नाहीत. आपल्याकडे गुन्ह्याचे गांभीर्य तो कोणत्या न्यायालयापुढे चालावयाचा यावरून ओळखतात. खुनाचा खटला सत्र न्यायालयापुढेच चालतो. दंडाधिकारी तो केवळ वर पाठवितो. यामुळे एकाच खटल्यास दोन क्रमांक पडतात, एक दंडाधिकाऱ्याकडचा आणि एक सत्र न्यायालयातला. पहिलाच क्रमांक घेऊन सत्र न्यायालयाच्या कारकुनापुढे उभा राहणारा बहुधा रिकाम्या हाताने परततो.

अलीकडचा खटला असेल तर काम पुष्कळ सोपे झाले आहे. खार पोलीस ठाण्याचा गुन्हा नोंद क्रमांक व वर्ष ठाऊक असल्यास ई-कोर्टच्या संकेतस्थळावर खटला शोधता येतो. पक्षकाराच्या नावाने, वकिलाच्या नावाने किंवा कलमानेही तो शोधता येतो. प्रत्येक खटल्यास सोळा अक्षरांचा आणि अंकांचा एक सीएनआर क्रमांक असतो. तो एकदा हाती आला म्हणजे तारखा, हुकूम आणि पुष्कळदा निकालपत्रही घरबसल्या वाचता येते. सत्र न्यायालयाचे मुख्य ठाणे फोर्टात असले तरी त्याची एक शाखा दिंडोशीस आहे, हेही ध्यानात ठेवावे. कलमाने शोधणाऱ्याने आणखी एक सावधगिरी बाळगावी. १ जुलै २०२४ पूर्वीचा खून जुन्या दंडसंहितेच्या ३०२ कलमाखाली सापडेल, नंतरचा भारतीय न्याय संहितेच्या १०३ खाली.

परंतु नावाच्या शोधाइतका फसवा शोध दुसरा नाही. कोळीवाड्यात आजोबाचे नाव नातवास ठेवण्याची चाल आहे, आडनावे मोजकीच आहेत, आणि इंग्रजी स्पेलिंग कारकुनागणिक बदलते. पडद्यावर नाव जुळले म्हणून तोच माणूस, असे मानणे हा अन्यायच होय. बापाचे नाव, वय आणि राहण्याचे ठिकाण जुळल्यावाचून कोणाविषयी एक अक्षरही उच्चारू नये. लग्न जुळवताना अशी माहिती काढण्याची जी नवी हौस शिरली आहे, तिला हे मुद्दाम सांगावयास हवे.

निकालपत्राची नक्कल मागण्याचा अधिकार कोणास आहे? निकालाचा ज्याच्यावर परिणाम होतो त्यास अर्ज करून व फी भरून ती मिळते. इतरांस उच्च न्यायालयाच्या नियमांप्रमाणे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे ४०४ वे कलम हेच सांगते. माहितीच्या अधिकाराचा अर्ज येथे चालत नाही. न्यायालयाचे स्वतःचे नियम असताना तिऱ्हाइताने त्या नियमांनीच नक्कल मागावी, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात २०२० साली दिला आहे. तेव्हा तिऱ्हाइताने नक्कल विभागात अर्ज देताना कागद कशासाठी हवा हे स्पष्ट लिहावे. अत्याचारास बळी पडलेल्या स्त्रीचे नाव आणि बालकांची प्रकरणे मात्र कायद्यानेच झाकलेली आहेत, आणि तशी ती असावीत.

आता पुन्हा त्या पणजोबांकडे. १८९८ च्या फौजदारी प्रक्रियेत एक विलक्षण तरतूद होती. ज्यूरीपुढे चाललेल्या खटल्यात न्यायाधीशाने निकालपत्र लिहिण्याची सक्ती नव्हती. ज्यूरीस केलेल्या निवेदनातील मुद्दे टिपून ठेवले की पुरे होई. १९५९ च्या नानावटी खटल्यात ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी 'निर्दोष' म्हटले. त्या निर्णयामागची कारणे कोठेच वाचावयास मिळत नाहीत. सविस्तर कारणे मिळतात ती प्रकरण वर गेल्यानंतरच्या उच्च आणि सर्वोच्च न्यायालयांच्या निकालपत्रांत. म्हणून जुन्या खटल्यात अपील झाले होते काय, हे आधी पाहावे. झाले असल्यास १८७६ पासूनचे मुंबई मालेतील 'इंडियन लॉ रिपोर्ट्स' आणि १८९९ पासूनचा 'बॉम्बे लॉ रिपोर्टर' चाळावेत. चांगल्या विधी ग्रंथालयात ते मिळतात.

अपील नसेल तर भरवसा रेकॉर्ड रूमचाच, आणि तेथे १९१७ चा दप्तर नाशाचा कायदा आडवा येतो. त्याखाली केलेल्या नियमांप्रमाणे मुदत संपलेले कागद रीतसर नष्ट करता येतात. पंचनामे व जबान्या गेल्या असतील आणि केवळ नोंदवहीची एक ओळ उरली असेल, अशी तयारी ठेवूनच त्या मुलाने ठाण्याची गाडी धरावी. जाताना पणजोबांचे पूर्ण नाव, त्यांच्या बापाचे नाव आणि निदान अंदाजाचे साल लिहून न्यावे. साल कोणास आठवत नसेल तर घरातील वडीलधाऱ्या बाईस विचारावे की, त्या वर्षी घरात कोण जन्मले होते.