सृष्टीचे संगीत आणि आमचे नगर



 आमचे नगर कागदोपत्री आता अहिल्यानगर झाले आहे, पण 'नगर' म्हणण्याची पाचशे वर्षांची जिभेची सवय एवढ्यात सुटत नाही. १४९० मध्ये मलिक अहमदने वसवलेले हे गाव. इथला किल्ला चांदबीबीने लढवला. त्याच किल्ल्यात १९४२ नंतरच्या कैदेत नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिले आणि मौलाना आझादांनी 'गुबार-ए-खातिर'मधली पत्रे. त्यांतले एक चक्क संगीतावर आहे. हा धागा सृष्टीचे संगीत या आपल्या परिषदेच्या विषयाला लांबूनच लागतो, मान्य. पण किल्ल्याचे नाव न घेता नगरकराचे भाषण सुरू होत नाही. १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशन इथे आले. सिंथिया फॅरारबाईंनी इथेच मुलींना शिकवले. सावित्रीबाई फुल्यांच्या शिक्षिका-प्रशिक्षणाशी त्यांचे नाव जोडलेले आहे. ख्रिस्ती कवी रेव्हरंड टिळक तर सर्वांना ठाऊक आहेत. मला आज नाव घ्यायचे आहे ते ख्रिस्ती कीर्तनकार कृष्णराव रत्नाजी सांगळे (१८३४–१९०८) यांचे. त्यांचे एक पद इंग्रजीत जाऊन परदेशी गीतसंग्रहांत छापले गेले, आणि गावात मात्र त्यांच्या नावाची साधी पाटीही माझ्या नजरेला पडलेली नाही.

सांगळ्यांनी ख्रिस्ती कथा कीर्तनाच्या चालीवर मांडली. टाळ-वीणा मूर्तिपूजकांची, ती चर्चमध्ये कशाला, हा आक्षेप त्या काळी होता. आजही तो पुरता गेलेला नाही. त्याचे उत्तर बायबलातच आहे. ईयोबाच्या ३८व्या अध्यायात पृथ्वीचा पाया घातला जात असताना प्रभाततारे गातात. तेव्हा माणूस घडलेलाच नव्हता. म्हणजे गाणे माणसाच्या आधीचे, सृष्टीबरोबरचे. यावर कोणी उत्पत्तीचा चौथा अध्याय काढील: वाद्ये वाजवणाऱ्यांचा मूळपुरुष युबाल, आणि तो भावाचा खून करणाऱ्या काइनाच्या वंशातला! आक्षेप खरा आहे, पण तो उलटाच उपयोगी पडतो. कारण स्तोत्र १५० त्याच तंतुवाद्यांना आणि झांजांना स्तुतीसाठी बोलावते. वाद्य कुणाच्या हातून आले यावर त्याची शुद्धाशुद्धता ठरत असती, तर ऑर्गनही बाहेर काढावा लागला असता. झुरिकमध्ये धर्मसुधारक झ्विंग्लीने तो खरोखरच बंद केला, आणि तो स्वतः चांगला वादक होता! संत ऑगस्टिनची धास्ती अधिक वजनदार: शब्दांपेक्षा सूरच मनाला जास्त हलवू लागला तर? 'कन्फेशन्स'मध्ये त्याने ही कबुली दिली आणि तरीही चर्चमधले गायन राहू द्यावे, याच बाजूला तो झुकला. ही धास्ती भूपाला आणि भजनाला जितकी लागू, तितकीच इंग्रजी भक्तिगीताला. सूर जर निर्मात्याचा, तर भैरवी परकी आणि परदेशी चाल घरची, हे गणित बसत नाही. सांगळ्यांनी ते वाद घालून नव्हे, टाळ हाती घेऊन सोडवले.

आता आमच्या उणिवा. निवासाच्या खोल्या लहान आहेत, पाणी टँकरचे आहे, आणि ध्वनिक्षेपक अधूनमधून स्वतःचेच संगीत काढतो. ज्यांनी ज्वारीची पोती दिली, ज्यांनी मंडपाचे भाडे सोडले, ज्यांनी घरातल्या सतरंज्या आणि पेटी पाठवली, त्या सर्वांचे आभार. त्यांनी नावे जाहीर करू नयेत असे बजावले आहे. राहिलेल्या चुका माझ्या पदरात घाला. दुपारी दोन पंगती होतील. पहिली पाहुण्यांची; नगरकरांनी कृपा करून दुसरीला बसावे.