चौथ्या नंबरचे पन्नास गुण



शाळेच्या कार्यक्रमात प्रमुख पाहुणा काय बोलणार हे तुम्हाला माझ्या आधी ठाऊक असतं. त्यातून मी वर्तमानपत्राच्या क्रीडा पानावर काम करणारा माणूस, म्हणजे क्रिकेट येणार हे तर तुम्ही गृहीतच धरलं असेल. पण मी आज ज्या खेळाबद्दल बोलणार आहे, त्याला लागणारा मुख्य माल आपल्या तालुक्यात फक्त गोळेवाल्याच्या गाडीवर मिळतो. खेळ आहे आल्पाइन स्कीइंग आणि खेळाडू आहे जर्मनीची मारिया होफ्ल-रीश.

हे नाव इथल्या कुणी ऐकलं नसेल, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. आमच्या पानावरसुद्धा हिवाळी खेळांच्या बातम्या कोपऱ्यात चार ओळींत उरकल्या जातात.

जर्मनीच्या दक्षिणेला, ऑस्ट्रियाच्या सीमेजवळ, गार्मिश-पार्टेनकिर्शेन नावाचं गाव आहे. मुळात ही दोन वेगळी गावं. १९३६ च्या हिवाळी ऑलिम्पिकच्या तोंडावर सरकारने ती एकत्र केली. आल्पाइन स्कीइंग ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा आलं तेही त्याच वर्षी, त्याच गावात. जवळच झुगश्पिट्झे हे जर्मनीतलं सर्वांत उंच शिखर आहे, २,९६२ मीटर. अशा गावात २४ नोव्हेंबर १९८४ ला मारियाचा जन्म झाला. तिथे मूल चालायला लागलं की पायात स्की येतातच, त्यामुळे ती स्कीइंग शिकली यात नवल नाही. नवल आहे ते ती काय काय शिकली याचं.

थोडं खेळाबद्दल सांगतो, नाहीतर पुढची गंमत कळणार नाही. पायांना दोन लांब पट्ट्या बांधायच्या आणि बर्फाच्या उतारावरून खाली यायचं. वाटेत खांब रोवून फाटकं केलेली असतात, त्यांना गेट म्हणतात. एक गेट चुकलं की बाद. एका वेळी एकच खेळाडू उतरतो, शेजारी प्रतिस्पर्धी नसतो, असतं फक्त घड्याळ, आणि ते सेकंदाचा शंभरावा भाग मोजतं.

यात दोन टोकं आहेत. एक डाउनहिल. बायकांच्या डाउनहिलला दोन मीटरपेक्षा लांब स्की लागतात आणि वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर जातो. तिथे काम असतं अंग आक्रसून घेऊन निधड्या छातीने खाली झोकून देण्याचं. दुसरं टोक स्लालॉम. स्की आखूड, दीड मीटरच्या थोड्याच वर. गेट इतकी जवळजवळ की एक वळण पुरं होईतो पुढचं आलेलं असतं. खेळाडू खांबाला नडगीने आणि हाताने धडक देत, त्याला आडवा पाडत जातात. दोन फेऱ्या, दोन्हींची मांडणी वेगळी, आणि सरावाला परवानगी नाही. उताराच्या कडेने सावकाश जाऊन मांडणी पाहायची, डोक्यात साठवायची, मग वर जाऊन थेट शर्यत. या दोन टोकांच्या मध्ये सुपर-जी आणि जायंट स्लालॉम. शिवाय सुपर कंबाइंड असायची: एकाच दिवशी आधी डाउनहिल, मग स्लालॉम, दोन्ही वेळांची बेरीज.

शहाणे खेळाडू यातलं एक टोक पकडतात. शरीराची ठेवण वेगळी लागते, सराव वेगळा लागतो, भीतीसुद्धा वेगळ्या प्रकारची असते. मारिया दोन्ही टोकांना होती. डाउनहिलही जिंकायची, स्लालॉमही. जायंट स्लालॉमची वर्ल्ड कप शर्यत तेवढी तिला कधी जिंकता आली नाही; हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आणखी एक गोष्ट पालकांसाठी. ती जर्मनीच्या कस्टम्स खात्याच्या स्की संघात होती. आपल्याकडे रेल्वे आणि पोलीस खेळाडूंना नोकरी देतात, तसंच तिकडे कस्टम्स, सैन्य आणि पोलीस देतात. खेळून पोट भरेल का, हा प्रश्न श्रीमंत देशांतल्या आईबापांनाही पडतोच.

२००४ च्या हिवाळ्यात, एकोणीस वर्षांची असताना, ती वर्ल्ड कपच्या शर्यती जिंकायला लागली. लोक म्हणाले, आता ही कुणाला ऐकत नाही. मग २००५ उजाडलं. वर्षाच्या सुरुवातीला एका गुडघ्याचा क्रूसिएट लिगामेंट फाटला, महिने गेले, कशीबशी परत आली, आणि वर्ष संपता संपता दुसऱ्या गुडघ्याचा. दोन महिन्यांवर तुरिनचं ऑलिम्पिक होतं. ते तिने घरी बसून पाहिलं. यावर मी ‘जिद्द’ वगैरे शब्द वापरणार नाही, कारण तो शब्द आम्ही क्रीडा पानावर इतका झिजवलाय की त्याचा अर्थच उरलेला नाही. ज्यांचा गुडघा असा दुखावलाय त्यांना विचारा, जिना उतरतानाही पाय टेकवायची धास्ती वाटते. या बाईने त्याच दोन गुडघ्यांवर पुढे २००९ साली वाल दिझेरला स्लालॉमचं विश्वविजेतेपद मिळवलं आणि २०१० साली व्हँकुव्हरच्या ऑलिम्पिकमध्ये दोन सुवर्णपदकं.

व्हँकुव्हरचं पहिलं सुवर्ण सुपर कंबाइंडमध्ये. डाउनहिलनंतर आघाडीवर होती अमेरिकेची लिंडसे व्हॉन. स्लालॉममध्ये लिंडसे पडली आणि मारिया जिंकली. दुसरं सुवर्ण स्लालॉमचं. त्याच शर्यतीत मारियाची धाकटी बहीण सुझानही होती, पदकाच्या टप्प्यात. दुसऱ्या फेरीत शेवट दिसायला लागल्यावर ती बाद झाली. एका घरात त्या दिवशी सुवर्णही आलं आणि रडूही. आईवडिलांनी आधी कुणाला जवळ घेतलं असेल, देव जाणे.

ही लिंडसे आणि मारिया लहान वयापासूनच्या मैत्रिणी. अमेरिकेतून युरोपात शर्यतींना आलेली लिंडसे नाताळला घरी जाऊ शकायची नाही, तेव्हा ती मारियाच्या घरी सण करायची. व्हँकुव्हरच्या सुमारास जगातल्या सर्वांत चांगल्या दोन स्कीपटू या दोघीच होत्या. माझी गोष्ट खरं म्हणजे इथून सुरू होते.

ऑलिम्पिक चार वर्षांतून एकदा येतं. वर्ल्ड कप मात्र दर हिवाळ्याला, ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत, गावोगावच्या डोंगरांवर. तुमच्या वर्षभरातल्या सगळ्या घटक चाचण्यांचे मार्क मिळवून नंबर काढला तर जसा लागेल, तसा तिथला हिशेब. प्रत्येक शर्यतीत पहिल्याला १०० गुण, दुसऱ्याला ८०, तिसऱ्याला ६०, चौथ्याला ५०, पाचव्याला ४५, असं उतरत तिसाव्याला १. हंगामाअखेर ज्याची बेरीज मोठी, त्याला काचेचा मोठा गोल मिळतो. जर्मनीच्या एकाही पुरुषाने तो आजवर मिळवलेला नाही. बायकांत मारियाच्या आधी फक्त दोघींनी: १९७६ साली रोझी मिटरमायर, आणि कात्या झाइत्सिंगरने १९९६ व १९९८ साली. लिंडसेने तो २०१० पर्यंतच्या तीन वर्षांत लागोपाठ तीनदा जिंकला होता.

२०१०-११ च्या हंगामात मारिया बराच काळ पुढे होती. मग लिंडसेने एकेक शर्यत करत अंतर खाल्लं. मार्चमध्ये शेवटच्या चार शर्यतींसाठी सगळे स्वित्झर्लंडमधल्या लेंझरहाइडला जमले, तेव्हा मारियाची आघाडी उरली होती २३ गुणांची. या अंतिम टप्प्यात नियम आणखी कडक असतो. तिथे फक्त पहिल्या पंधरांना गुण.

पहिली शर्यत डाउनहिल. लिंडसे चौथी, ५० गुण. मारिया पहिल्या पंधरांतही नाही, म्हणजे शून्य. आघाडी उलटली, आता लिंडसे २७ नी पुढे. दुसऱ्या दिवशी सुपर-जी, लिंडसेचा हक्काचा प्रकार. हवामान बिघडलं, शर्यत रद्द. तिसऱ्या दिवशी स्लालॉम, आणि हा मारियाचा प्रकार.

तुम्ही म्हणाल, जिंकली. नाही जिंकली. चौथी आली. पदक नाही, मंचावर जागा नाही. आपल्या शाळेच्या भाषेत सांगायचं तर ‘उत्तेजनार्थ’. पण चौथीला ५० गुण आणि तेराव्या आलेल्या लिंडसेला २०. तीसचा फरक पडला. सत्तावीसची पिछाडी फिटून मारिया ३ गुणांनी पुढे गेली. १७२८ विरुद्ध १७२५.

आता गणिताच्या सरांनी लक्ष द्यावं. मारिया त्या दिवशी चौथीऐवजी पाचवी आली असती तर तिला ५ गुण कमी मिळाले असते आणि गोल लिंडसेकडे गेला असता. लिंडसे तेरावीऐवजी अकरावी आली असती तर तिला २४ गुण, म्हणजे ती एका गुणाने जिंकली असती. आणि ती बारावी आली असती तर? २२ गुण, आणि तरीही मारियाच, एका गुणाने. सहा महिने, डझनावारी शर्यती, आणि निकाल एका मुलीच्या चौथ्या नि दुसरीच्या तेराव्या क्रमांकात अडकलेला. या दोन क्रमांकांचे फोटो कुठल्याही वर्तमानपत्राने पहिल्या पानावर छापले नसते.

शेवटची शर्यत बाकी होती, जायंट स्लालॉम. मारियाचा कच्चा विषय. लिंडसे त्यात तेव्हा सुधारत होती. तीन गुणांची आघाडी म्हणजे काहीच नाही. आणि त्या सकाळी हवामानाने पुन्हा दगा दिला. शर्यत रद्द. अंतिम टप्प्यातल्या रद्द शर्यती पुन्हा घेत नाहीत. हंगाम तिथेच संपला आणि गोल मारियाला मिळाला.

लिंडसे चिडली, आणि तिच्या जागी मी असतो तर मीही चिडलो असतो. चारातल्या दोन शर्यती धुक्यापावसात गेल्या आणि दोन्ही वेळा नुकसान तिचं झालं. मैत्रिणींमध्ये काही काळ दुरावा आला, पुढे तो मिटला. पुष्कळ लोक तेव्हा म्हणाले, आणि अजून म्हणतात, की मारियाला तो गोल पावसाने दिला. मला हे पटत नाही. पावसाने फक्त बेरीज थांबवली; बेरजेतले १७२८ गुण कुणी आभाळातून टाकले नव्हते. ज्या दिवशी जिंकणं शक्य नव्हतं त्या दिवशी ती चौथी, सातवी, दहावी येत राहिली. व्हँकुव्हरला तिची दोन सुवर्णं सगळ्यांनी पाहिली, पण तिथल्या बाकीच्या तीन शर्यतींतही ती पहिल्या दहांत होती, हे फार थोड्यांनी पाहिलं. मला तिच्या कारकिर्दीत सर्वांत जास्त आवडतं ते हेच. आणि तरीही लिंडसेची बाजू मी खोटी ठरवणार नाही. शेवटची शर्यत झाली असती तर काय झालं असतं हे कुणालाच कळणार नाही, आणि खेळात अशी उत्तरं अर्धवटच राहतात. तुम्हाला न्याय हवा असेल तर बुद्धिबळ खेळा, तिथे निदान पाऊस पडत नाही.

त्याच वर्षी लग्न करून ती मारिया होफ्ल-रीश झाली. २०१३ साली श्लाडमिंगला सुपर कंबाइंडची विश्वविजेती झाली. २०१४ च्या सोची ऑलिम्पिकमध्ये जर्मनीचा झेंडा तिच्या हातात होता. सुपर कंबाइंडमध्ये डाउनहिलनंतर ती पाचवी होती, स्लालॉममध्ये भरून काढलं आणि सुवर्ण राखलं. सुपर-जीमध्ये ऑस्ट्रियाच्या आना फेनिंगरच्या मागे रौप्य. आणि स्लालॉममध्ये? पुन्हा चौथी. या वेळी मात्र चौथीला ५० गुण देणारं कुणी नव्हतं. ऑलिम्पिकला चौथा नंबर समजतच नाही.

सोचीहून परतल्यावर महिन्याभरात हंगामाचा अंतिम टप्पा होता, आणि योगायोग पाहा, पुन्हा लेंझरहाइडलाच. डाउनहिलमध्ये ती जोरात पडली. तिला हेलिकॉप्टरने उतरवावं लागलं. सगळ्या प्रकारांचा मोठा गोल त्या पडण्याबरोबर हातून निसटला, तो फेनिंगरने नेला. पण डाउनहिल या एका प्रकाराच्या बेरजेचा वेगळा, लहान गोल असतो. मारिया त्या शर्यतीत शेवटपर्यंत पोचलीच नाही, गुण शून्य. तरीही तिच्या आधीच्या बेरजेपर्यंत दुसरं कुणी पोचू शकलं नाही. बक्षीस जाहीर झालं तेव्हा विजेती डॉक्टरांच्या ताब्यात होती. काही दिवसांतच तिने निवृत्ती जाहीर केली. वय एकोणतीस, वर्ल्ड कपच्या २७ शर्यती जिंकलेल्या, तीन ऑलिम्पिक सुवर्णं, एक रौप्य.

मला पंधरा मिनिटं दिली होती, ती संपली. पडद्याआडून पुढच्या नाटकातले दाढीमिशा चिकटवलेले मावळे मघापासून माझ्याकडे रागाने बघताहेत, आणि त्यांच्या हातात तलवारी आहेत. तेव्हा मी बसतो.