रद्दी आणि रत्नें : बेसबॉल कार्डांचा बाजार

अमेरिकेंत बेसबॉल जितका मैदानावर खेळला जातो, तितकाच तो खोक्यांत जपला जातो, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं. एका बाजूस खेळाडूचें चित्र व दुसऱ्या बाजूस माहिती किंवा जाहिरात, असा हा तळहाताएवढा पुठ्ठ्याचा तुकडा. पूर्वीं तो सिगारेटच्या पाकिटांत मिळे. पुढें च्युइंग गमच्या पुडीबरोबर मुलांच्या हातीं येऊं लागला. त्यांतलाच एखादा आज लक्षावधि डॉलरांस विकला जातो. हें कसें घडलें?

या बाजाराचा पाया जपणुकीवर नसून नाशावर उभारलेला आहे. अमेरिकन टोबॅको कंपनीच्या १९०९ ते १९११ च्या मालिकेंतील होनस वॅग्नरच्या कार्डाची छपाई लवकरच थांबली, म्हणून तें दुर्मिळ झालें. टॉप्स कंपनीच्या १९५२ च्या मालिकेंतील न खपलेला माल १९६० सालीं समुद्रांत बुडविला, असें त्या मालिकेचे जनक साय बर्जर सांगत. विकलेलीं कार्डें मुलांनीं सायकलीच्या चाकांत अडकविलीं, आयांनीं केरांत टाकलीं. जीं वांचलीं, त्यांतील मिकी मँटलचें एक उत्तम कार्ड २०२२ सालीं १ कोटि २६ लक्ष डॉलरांस गेलें.

जुन्या कार्डांचे भाव चढूं लागतांच लोक शहाणे झाले. १९९० च्या आगेमागें घरोघर नवीं कार्डें जपून ठेवण्यांत आलीं व कंपन्यांनींहि तीं अफाट छापलीं. परिणाम उलटाच झाला. सर्वांनींच जपलेली वस्तु दुर्मिळ कशी राहावी? त्या काळच्या बहुतेक कार्डांस आज रद्दीचाच भाव येतो.

तेव्हां छापणारांनीं दुर्मिळता स्वतःच निर्माण केली. जगांत एकच प्रत असलेलीं कार्डें ते मुद्दाम काढूं लागले. माइक ट्राउटचें असें एक कार्ड २०२० सालीं ३९ लक्ष डॉलरांवर गेलें. पॉल स्कीन्सच्या पहिल्या सामन्यांतील पोशाखाची पट्टी बसविलेलें कार्ड ११ वर्षांच्या एका मुलाच्या पाकिटांत निघालें व २०२५ सालीं ११ लक्ष डॉलरांहून अधिक किंमतीस विकलें गेलें. अशा एका वार्तेवर अगणित पाकिटें खपतात. सोडतीचा मोह याहून निराळा नसतो.

दुसरें साधन प्रमाणपत्राचें. पीएसए ही संस्था १९९१ पासून कार्डांस १ ते १० गुण देऊन तीं पारदर्शक डबींत बंद करते. साथीच्या काळांत तिच्याकडे कार्डांचा असा पूर लोटला की, मार्च २०२१ मध्यें बहुतेक कार्डें स्वीकारणें तिला थांबवावें लागलें. परंतु तिनें सर्वांत प्रथम प्रमाणित केलेलें वॅग्नरचें कार्डच कडा कापून सारखें केलेलें होतें, अशी कबुली एका माजी विक्रेत्यानें २०१३ सालीं न्यायालयांत दिली. तत्पूर्वीं, २००७ सालीं, तें २८ लक्ष डॉलरांस विकलें गेलें होतें.

सारांश, जुन्या कार्डाची दुर्मिळता काळानें ठरविली. नव्याची छापणारा ठरवितो, आणि उद्यां तो दुसरें अद्वितीय कार्ड काढण्यास मोकळाच असतो. आवडत्या खेळाडूचें चित्र म्हणून जो मुलगा कार्ड घेतो, त्याचा आनंद भाव उतरल्यानें कमी होत नाहीं. पण भावी तेजीच्या भरंवशावर जो गृहस्थ घरखर्चाचा पैसा यांत घालील, त्यानें १९९० सालचीं तीं भरलेलीं खोकीं एकदां अवश्य डोळ्यांसमोर आणावीं.