तळाच्या चिखलाची मोजणी

उत्तर ध्रुवीय समुद्राची चर्चा बहुधा वितळत्या बर्फापाशी आणि पांढऱ्या अस्वलापाशी येऊन थांबते. परंतु तेथील जीवसृष्टीचा खरा जमाखर्च तळाच्या चिखलात सापडतो, हे अमेरिकन सागरशास्त्रज्ञ जॅकलिन ग्रेबमायर यांच्या संशोधनातून दिसते. अलास्का विद्यापीठाची पीएचडी १९८७ मध्ये मिळाल्यानंतरही उत्तर बेरिंग आणि चुकची हे उथळ समुद्रच त्यांचे मुख्य कार्यक्षेत्र राहिले.

हा तळ म्हणजे धान्याचे पेव. बर्फाच्या खालच्या अंगाला धरून वाढणारे सूक्ष्म शैवाल आणि वसंतात पाण्यात बहरणारे वनस्पतिप्लवक, म्हणजे प्रवाहाबरोबर तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, हे येथील पीक. अतिथंड पाण्यात ते खाणारे प्राणिप्लवक त्या वेळी थोडे असल्याने बरेचसे पीक तळाशी उतरते, त्यावर शिंपले पोसतात आणि शिंपल्यांवर वॉलरस व आयडर बदके. पाणी उबदार झाले की प्राणिप्लवकांची पाखरे शेतातच पीक फस्त करतात; शिवाय तळाच्या गार पाण्याचा पहारा ढिला पडताच दक्षिणेकडचे मासे घुशींसारखे पेवापर्यंत पोहोचतात. ग्रेबमायर व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात या स्थित्यंतराची मांडणी केली.

उपग्रहाला बर्फ दिसतो, पाण्याचा हिरवा रंगही दिसतो, म्हणजे शेत दिसते. पेव दिसत नाही. त्यासाठी जहाज थांबवून व्हॅन व्हीन ग्रॅब हा पोलादी जबडा खाली सोडावा लागतो, त्यातून आलेला ०.१ चौरस मीटर तळाचा चिखल चाळणीवर धुवावा लागतो, जाळीवर उरलेले शिंपले आणि कृमी निवडून तोलावे लागतात, आणि पुढे पुन्हा त्याच ठिकाणी येऊन हेच करावे लागते. ‘त्याच ठिकाणी’ हे शब्द महत्त्वाचे आहेत: एका वर्षाचे माप हा नुसता आकडा असतो, पेव भरते आहे की रिते होते आहे हे त्याच जागेच्या अनेक वर्षांच्या मापांवरूनच कळते. डिस्ट्रिब्युटेड बायॉलॉजिकल ऑब्झर्व्हेटरी या २०१० मध्ये सुरू झालेल्या उपक्रमात निरनिराळ्या देशांची जहाजे ठरलेल्या जागीच नमुने घेतात, ते याचसाठी. नवा शोध लागला तरच विज्ञान झाले असे मानणाऱ्यांना हे काम कारकुनी वाटते. तसे वाटून घेणे सोयीचेही असते.

भारतानेही २०१४ मध्ये नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहातील कोंग्सफ्योर्ड या खाडीत ‘इंडआर्क’ ही वेधशाळा पाण्याखाली ठेवली. ती तापमान आणि क्षारता मोजते, चिखल नव्हे; म्हणजे पेवाचा हिशेब तिच्याकडून मिळत नाही.