आधी कच्ची आकृती
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



शाळेचं संकेतस्थळ आणि सोबत एक छोटं ॲप करायचं, हे आपण मागच्या मेळाव्यात ठरवलं. वर्गणीही जमली. आता त्याचा आराखडा कशात करायचा हा प्रश्न आहे. मी याच धंद्यात असल्यामुळे समितीने "कोणतं सॉफ्टवेअर घ्यायचं ते दहा मिनिटांत सांग" असं फर्मान काढलं. मागच्या बाकावरच्या मुलाला व्यासपीठावर बोलायला सांगितलंय, तेव्हा सांभाळून घ्या.

वायरफ्रेम आणि मॉकअप या शब्दांना घाबरू नका. भूमितीच्या तासाला रचना करण्याआधी बाई आपल्याला कच्ची आकृती काढायला लावायच्या. पट्टी नाही, माप नाही. हाताने काढलेला त्रिकोण आणि त्यावर दिलेल्या बाजू, कोन. सुरुवात कुठल्या बाजूपासून करायची ते त्यावरून कळायचं. वायरफ्रेम म्हणजे ती कच्ची आकृती. पडद्यावर वर काय, खाली काय, कुठलं बटण दाबल्यावर कुठे जायचं, एवढंच. मॉकअप म्हणजे कंपास-पट्टीने केलेली रचना. रंग, अक्षरं, फोटो सगळं जागच्या जागी.

मधे एका कंपनीने आपल्याला थेट मॉकअपच दाखवला होता, आठवतंय ना? शाळेच्या इमारतीचा फोटो, वर बोधचिन्ह, सगळं झकास. पाऊण तास चर्चा झाली ती निळा गडद हवा की फिका यावर. शाळा सोडल्याचा दाखला मागायची सोय कुठे आहे, हे कोणी विचारलं नाही, आणि त्या चित्रात ती नव्हतीच. दाखल्यासाठी लोक आजही कामाचा दिवस बुडवून एसटीने येतात आणि कार्यालय बंद असलं की परत जातात. संकेतस्थळ खरं तर त्यांच्यासाठी हवंय. आपले जुने फोटो व्हॉट्सॲपवरही दिसतात.

म्हणून पहिली पायरी कागद-पेन्सिल. हे गमतीने म्हणत नाही. आमच्याकडे मोठ्या कामांतही पहिला दिवस कागदावरच जातो. कागदच संगणकावर हवा असेल तर बाल्सामिक आहे. पेल्डी गुइलिझोनी या इटालियन प्रोग्रामरने ते २००८ साली आणलं. त्यातल्या रेघा मुद्दाम हाताने काढल्यासारख्या वेड्यावाकड्या दिसतात. चित्र कच्चं दिसलं की माणसं खोडायला कचरत नाहीत, आणि रंगावर कोणी भांडत नाही. शिकायला एक दुपार पुरते.

पुढच्या टप्प्यावर आज सगळ्यात जास्त नाव ऐकाल ते फिग्माचं. २०१६ मध्ये ते सर्वांसाठी खुलं झालं. ते ब्राउझरमध्येच चालतं, त्यामुळे लिंक पाठवली की शिक्षकखोलीतल्या जुन्या संगणकावरही सर ते उघडून तिथेच शेरा लिहू शकतात. सरांना शेरे मारायची सवय आहेच. सुरुवातीपुरती फुकट योजना पुरते. मी रोज तेच वापरतो. स्केच हे त्याच्या आधीचं, देखणं सॉफ्टवेअर, पण काम करायला मॅक लागतो. आपल्या समितीत मॅक एकाकडेच आहे आणि तो दुबईला असतो. विषय संपला.

पण या धंद्यातली एक गोष्ट तुम्हाला ठाऊक असायला हवी. ही सॉफ्टवेअरं आपल्या शाळेइतकी टिकत नाहीत. ॲडोबीने फायरवर्क्सची पुढची वाढ २०१३ मध्ये थांबवली. २०२२ मध्ये त्यांनी फिग्मा २० अब्ज डॉलरना विकत घेण्याची घोषणा केली. युरोप आणि ब्रिटनमधल्या स्पर्धा नियामकांच्या हरकतींमुळे डिसेंबर २०२३ मध्ये तो सौदा मोडला. त्यांचं स्वतःचं एक्सडी तोवर मागे पडलं होतं. इनव्हिजन तर एके काळी आमच्याकडे घरोघरी होतं. २०२४ च्या अखेरीस त्याची सेवा बंद झाली, आणि ज्यांनी आपली चित्रं वेळेत उतरवून घेतली नव्हती त्यांची पंचाईत झाली.

आपली समिती दर दोन-तीन वर्षांनी बदलणार. म्हणून आपल्या कामासाठी मी पेनपॉट सुचवतो. ते मुक्त स्रोत आहे, तेही ब्राउझरमध्ये चालतं, हवं तर स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येतं आणि त्यातली चित्रं एसव्हीजी या खुल्या पद्धतीवर उभी असतात. फिग्माइतकं ते सफाईदार नाही. फाईल मोठी झाली की थोडं रेंगाळतं. पण आपली पानं वीस-पंचवीसच आहेत. काहीही घेतलं तरी खातं शाळेच्या ईमेलवर काढायचं. कुणा एकाच्या जीमेलवर काढलं आणि तो परदेशी गेला की आराखडाही त्याच्याबरोबर गेला.

आणि मराठीचं काय? यावर मात्र मला थोडं अडून बसायचंय. नमुन्यात कुठलाही बनावट लॅटिन मजकूर भरायचा नाही; पहिल्या दिवसापासून खरी मराठी वाक्यं. इंग्रजीत 'सबमिट' मावलेल्या बटणात 'अर्ज सादर करा' मावत नाही. इंग्रजीच्या मापाने ओळी जवळ ठेवल्या की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत घुसतात. फॉन्ट तपासायला 'दुसऱ्या', 'विद्यार्थ्यांच्या' असे शब्द टाकून बघा. मराठी वळणाचे ल आणि श हवेत की हिंदी वळणाचे, हेही आधीच ठरवावं लागतं. मुंबईच्या एक टाइपने केलेला मुक्त फॉन्ट फुकट मिळतो आणि छोट्या पडद्यावर चांगला वाचता येतो. आणि नावाच्या रकान्यात आपल्यातलं सगळ्यात लांब नाव, वडिलांच्या नावासकट, मावतं का ते बघा. कुणाचं ते सगळ्यांना माहीत आहे.

बरेच जण विचारतात, मुलाला यातलं कोणतं शिकवू? कोणतंही. एक नीट आलं की दुसरं आठवड्यात येतं. गॅस एजन्सीच्या काउंटरवर तासभर उभं राहून माणसं कुठे अडतात ते बघायला मात्र पाठवा.

सध्या एक रुपयाही खर्च करायचा नाही. ग्रंथालयाच्या टेबलावर चार मुख्य पानांच्या कच्च्या आकृत्या आणि पेन्सिली ठेवल्या आहेत. चहा घेताना त्यांवर खाडाखोड करा. कार्यालयातल्या काकांनी कालच दाखल्याच्या पानावर एक ओळ वाढवली आहे: 'जनरल रजिस्टर क्रमांक आठवत नसल्यास दहावीचं वर्ष आणि तुकडी लिहा.' तो क्रमांक आपल्यापैकी कुणाला आठवतोय, हात वर करा पाहू.