वडिलांचं नाव: वालेव्हस्की

हेडफोन लावलेत ना? चला, आज पोलंडला जाऊ. वॉर्सा नाही, क्राकूव नाही, थेट एका खेड्यात. गावाचं नाव वालेव्हित्से. म्रोगा नावाची छोटीशी नदी, मोठी बाग आणि त्यात एक महाल.

हा महाल १७८३ मध्ये बांधला गेला. आर्किटेक्ट हिलारी श्पिलोव्हस्की, मालक आनास्ताझी वालेव्हस्की. त्या काळात युरोपात ग्रीक-रोमन पद्धतीची फॅशन होती. समोर उंच खांब, वर त्रिकोणी कपाळपट्टी, दोन्ही बाजूंना एकसारख्या इमारती. म्हणजे डावी बाजू कॉपी करून उजवीकडे पेस्ट केल्यासारखी! बाहेरून सगळं एकदम शिस्तीत. आतली गोष्ट मात्र तशी नव्हती.

मारिया ही जवळच्याच किएर्नोझ्या गावची मुलगी, जन्म १७८६ चा. घरी शिकवायला जे मास्तर होते ते निकोला शोपँ, म्हणजे पुढे जगप्रसिद्ध झालेल्या संगीतकार शोपँचे वडील. अठराव्या वर्षी तिचं लग्न लावून दिलं. नवरा आनास्ताझी, वय सत्तरीच्या आसपास. हो, बरोबर ऐकलंत.

आता थोडं राजकारण. १७९५ मध्ये रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने पोलंड वाटून घेतला होता. देश नकाशावरून गायब! त्यामुळे नेपोलियन सैन्य घेऊन वॉर्सात आला तेव्हा लोकांना वाटलं, हाच आता आपला देश परत देणार. जानेवारी १८०७ मध्ये तिथे त्याने मारियाला पाहिलं आणि तो मागेच लागला. तिने आधी नकार दिला. मग वॉर्सातल्या बड्या मंडळींनीच तिला गळ घातली, देशासाठी एवढं कर म्हणून, असं तिच्या आठवणींच्या आधारे सांगितलं जातं. विचार करा, वीस वर्षांची मुलगी आणि तिच्या खांद्यावर अख्ख्या देशाचं ओझं.

बदल्यात देशाला काय मिळालं? 'वॉर्साची डची' नावाचं एक छोटं राज्य. नावात पोलंड हा शब्दसुद्धा नाही, आणि वर राजा सॅक्सनीचा.

पुढे मारियाही त्याच्यात गुंतली. १८०९ मध्ये व्हिएन्नाजवळ शोनब्रुनला त्याच्यासोबत असताना तिला दिवस गेले. पण नेपोलियनला गादीचा वारस हवा होता, तोही राजघराण्यातल्या बायकोकडून. एप्रिल १८१० मध्ये त्याने ऑस्ट्रियाच्या राजकन्येशी लग्न केलं. बरोबर महिनाभराने, ४ मे १८१० ला, वालेव्हित्सेच्या महालात मारियाला मुलगा झाला. अलेक्झांडर.

आणि वडिलांचं नाव? वालेव्हस्की. म्हाताऱ्या आनास्ताझीने त्याला आपलं नाव दिलं. कागदावर विषय संपला. पण डेटा गप्प बसत नाही. दोनशे वर्षांनी, २०१३ मध्ये, अलेक्झांडरच्या वंशजाच्या डीएनएवरचं संशोधन प्रसिद्ध झालं. पुरुषांकडून पुरुषांकडे जाणारी जी खूण असते, ती बोनापार्ट घराण्याशी जुळली. हाच अलेक्झांडर मोठेपणी फ्रान्सचा परराष्ट्रमंत्री झाला आणि क्रिमियाचं युद्ध संपवणाऱ्या १८५६ च्या पॅरिस परिषदेचा अध्यक्षही.

पण मला या सगळ्यात सर्वात जास्त भिडला तो १८१२ मधला घटस्फोट. डचीमध्ये तोवर नेपोलियनचाच कायदा लागू झाला होता, आणि त्यात घटस्फोटाची सोय होती. मारियाने अर्ज केला. कारण काय? हे लग्न माझ्या मर्जीविरुद्ध झालं. तिच्या भावानेच साक्ष दिली की मी तिच्यावर जबरदस्ती केली होती. घटस्फोट मंजूर झाला.

१८१६ मध्ये तिने फ्रेंच सेनानी द'ओर्नानोशी लग्न केलं. पण सुख फार टिकलं नाही. ११ डिसेंबर १८१७ ला, बाळंतपणानंतर काही महिन्यांत, ती पॅरिसमध्ये गेली. वय एकतीससुद्धा नीट उलटलं नव्हतं. तिचं हृदय पॅरिसमध्येच ठेवलं आणि देह परत किएर्नोझ्याला आणला.

महाल मात्र अजून उभा आहे. सप्टेंबर १९३९ मध्ये ब्झुराच्या लढाईत पोलिश घोडदळ आणि जर्मन सैन्य याच्या आसपास भिडले. युद्धानंतर इथे सरकारी घोडेपैदास केंद्र आलं. अँग्लो-अरब घोड्यांसाठी हे गाव आजही ओळखलं जातं.

आणि मारिया कशासाठी ओळखली जाते? 'नेपोलियनची प्रेयसी'. १९३७ मध्ये तिच्यावर हॉलिवूडचा सिनेमाही आला, ग्रेटा गार्बो होती त्यात. पण मला वाटतं, नवरा, भाऊ, पुढारी, सम्राट अशा सगळ्यांनी तिच्या वतीने निर्णय घेतले. तिची मर्जी होती का, हा प्रश्न अधिकृतपणे विचारला गेला तो १८१२ च्या त्या एका खटल्यात. पुढच्या वेळी कुणाची 'लव्ह स्टोरी' ऐकाल, तेव्हा हा प्रश्न आधी विचारा.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!